माळ ते शोला: सहा रॉबिन, सात दिवस

सासवडच्या माळापासून कोडाईकनालपर्यंत सहा जातींचे रॉबिन बघत जायच्या या फेरीसाठी मार्चचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडलेला आहे. माळावर चीरकाची घरटी सुरू झालेली असतात, गावातला दयाळ पहाटे गायला लागलेला असतो, शामाचा गळा मोकळा झालेला असतो आणि थंडीपुरता हिमालयातून आलेला निळा रॉबिन अजून परत निघालेला नसतो. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की हा शेवटचा हातचा जातो. फार आधी निघालं तर दक्षिणेकडच्या डोंगरी शोला रानांतल्या दोन्ही जातींच्या निळ्या शोलाकिळी गप्प असतात, आणि गप्प शोलाकिळी शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

रॉबिन हे नाव इंग्रजांसोबत आलं. त्यांच्या देशात नारिंगी छातीचा एक छोटा पक्षी बागेत फिरतो, तो खरा रॉबिन. जिथे गेले तिथे त्याच्यासारखा वाटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच नाव दिलं. उत्तर अमेरिकेतला रॉबिन तर चक्क कस्तूर आहे. आपल्याकडचे सहाही माशीमारांच्या कुळातले, पण सगळेच एकमेकांचे जवळचे भाऊबंद नाहीत. सगळ्यांत सारखी एक गोष्ट: सगळे जमिनीवर किंवा जमिनीलगत खातात. म्हणून रॉबिन शोधताना आधी खाली बघायचं. दगड आहेत की गवत, पाचोळा किती जाड, ओल कुठे, हे कळलं की पक्षी कुठला भेटणार ते बरंचसं ठरलेलं असतं.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्यावी. १०× माळावर चालते, पण शोलात पक्षी चार मीटरवर आणि उजेड नावापुरता. तिथे हात थरथरला की १०× मध्ये काहीच धड दिसत नाही. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं की नाही, हे निघण्यापूर्वी तपासून घ्यावं.

पहिला दिवस: सासवडचा माळ

दिवे घाट चढून वर आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड जमीन, बोराटी, घायपात आणि शेतांच्या दगडी ताली. चीरकाला हवी ती हीच जमीन: उघडी, खडकाळ, मधूनमधून झुडूप आणि बसायला उंचवटा. सूर्य वर येताच पहिला नर एका तालीवर दिसला. शेपटी पाठीवर उभी, तिच्याखाली विटकरी रंगाचा ठिपका आणि बाकी अंग काळं. खांद्यावरचा पांढरा पट्टा बसलेल्या नराच्या पंखात बहुतेक वेळा लपलेला असतो. उडाला किंवा दुसऱ्या नरासमोर फुगला की तो झळकतो. त्यामुळे 'पांढरं दिसलं नाही, म्हणजे चीरक नाही' हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

मादी राखाडी-तपकिरी, खांद्यावर पांढरं काही नाही. गप्पीदासाची मादीही तपकिरी असते, आणि गोंधळ इथेच होतो. शेपटीखालचा तांबूस रंग आणि सतत वर उचललेली शेपटी या दोन खुणा पाहिल्या की चूक होत नाही. गप्पीदास काडीच्या टोकावर बसतो आणि खाली झेप घेऊन परत वर येतो. चीरक जमिनीवरच धावतो, थांबतो, टिपतो.

इथल्या नराच्या पाठीचा रंग नीट बघून लिहून ठेवावा, सहाव्या दिवशी त्याची गरज पडते. उत्तर भारतातल्या चीरकाची पाठ तपकिरी असते, दक्षिणेकडच्याची चकचकीत काळी. दख्खनच्या या पट्ट्यातले नर मधले. कोवळ्या उन्हात पाठीवर तपकिरी झाक दिसते, सावलीत ती काळीच वाटते.

घरटं तालीत गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन दगडांमधल्या फटीत होतं. सुकं गवत आणि मुळं यांची वाटी, आत जनावरांच्या केसांचं अस्तर आणि काठावर सापाच्या कातीचा बोटभर तुकडा. चीरकाच्या घरट्यात कात सापडणं नवलाचं नाही. अमेरिकेत ढोलीत घरटं करणाऱ्या एका पक्ष्यावर प्रयोग झाला होता. कात ठेवलेल्या घरट्यांतली अंडी उडत्या खारींपासून वाचली. चीरकालाही असाच काही फायदा होत असावा. अंडी साधारण तीन-चार, उबवण्याचं काम एकट्या मादीचं, आणि दहा-बारा दिवसांत पिलं बाहेर येतात. पिलं बरीचशी मादीसारखी, गळा तेवढा ठिपक्यांचा. या कुळातल्या बहुतेक पिलांचा पहिला पिसारा ठिपक्यांचा असतो.

घरटं शोधत हिंडू नये. पंधरा-वीस मीटरवर बसून मादीवर नजर ठेवली की तीच दाखवते. चोचीत किडा घेऊन ती दगडावर बसून राहिली, शेपटी झटकत राहिली आणि आत गेली नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. दहा पावलं मागे सरकावं. फटीत टॉर्च मारणं किंवा मोबाइल घालणं यांनी आपण वाट दाखवतो ती मांजराला आणि मुंगसाला.

गाडी उभी करताना आरशांवर फडकं टाकावं. विणीच्या दिवसांत नर आरशातल्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजतो आणि तासन्‌तास चोची मारत राहतो. तेवढा वेळ त्याचा किडे शोधण्यातून जातो.

माळांबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. कागदोपत्री ही जमीन 'पडीक' म्हणून नोंदलेली असते, आणि पडीक म्हटली की पावसाळ्यात कुणीतरी तिथे खड्डे घेऊन रोपं लावतं. हेतू चांगला असतो. पण माळावर दाट झाडी आली की चीरक, चंडोल, धाविक सगळे जातात. जिथे निसर्गतः झाडं नव्हती तिथे ती लावणं म्हणजे जंगल वाढवणं नव्हे.

दुसरा दिवस: पुणे, एम्प्रेस गार्डन

दयाळ ऐकायचा असेल तर बागेचं फाटक उघडायची वाट बघू नये. उजाडायच्या बऱ्याच आधी, पाच-सव्वापाचला, तो तारेवर किंवा झाडाच्या उघड्या शेंड्यावर बसून सुरू होतो आणि लख्ख उजाडेपर्यंत निम्मं गाणं उरकलेलं असतं. बाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं. तो शिट्टीची एक ओळ घेतो, थांबतो, दुसरी घेतो, मध्येच दुसऱ्या एखाद्या पक्ष्याची नक्कल घुसडतो. लांबून दुसरा नर उत्तर देतो आणि मग दोघे मिळून हद्दीची रेघ आवाजानेच आखतात.

बागेत शिरल्यावर हिरवळीच्या कडेला बघायचं. ओली माती, कापलेलं गवत आणि शेजारी झाडीचा आडोसा अशी जागा त्याला लागते. नर निळसर काळा नि पांढरा, मादीत काळ्याच्या जागी राखाडी. शेपटीच्या कडांची पांढरी पिसं आणि पंखावरचा लांब पांढरा पट्टा लांबूनही दिसतो. नर मादीसमोर आला की चोच आभाळाकडे, पिसं फुगलेली, शेपटी पंख्यासारखी उघडलेली आणि चाल ताठ.

त्याच्या नावाची गंमत मराठी माणसाला तरी माहीत असायला हवी. १७३७ मध्ये एलिआझर आल्बिन या इंग्रज चित्रकाराने बंगालमधल्या या पक्ष्याचं नाव 'डायल-बर्ड' असं छापलं. ते आपल्याकडच्या दयाळ, दहियल, दोयेल याच नावाचं रूप. पण इंग्रजीत डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हायां यांना वाटलं की संबंध सूर्यघड्याळाशी आहे, म्हणून त्यांनी त्या अर्थाचं फ्रेंच नाव ठेवलं. शास्त्रीय नावातलं 'सॉलारिस' हेही ते नाव देणाऱ्या लिनियसने सूर्यावरूनच घेतलं आणि लिहिताना चूक होऊन 'सोलारिस'चं 'सॉलारिस' झालं, असं पक्षितज्ज्ञ जर्डनचं मत होतं. दुसरे पक्षितज्ज्ञ ब्लिथ यांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते तो हिंदीतल्या 'शंभर गाणी' अशा अर्थाच्या शब्दाचा लॅटिन अवतार होता. बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी हाच.

घरटं झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात किंवा टांगलेल्या पेटीत. अंडी चार-पाच, फिकट निळसर-हिरवी, तपकिरी शिंतोड्यांची. पेटी लावणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे छिद्र ऐसपैस ठेवणं. साळुंकी शिरू शकेल एवढं छिद्र असलं की पेटी साळुंकीचीच होते. दुसरी चूक दुपारचं ऊन पडेल अशा भिंतीवर ती ठोकणं. एप्रिल-मेमध्ये पिलं आतल्या आत भाजतात.

दहा वाजता निघून कोल्हापूर-बेळगावमार्गे दांडेली. सगळा दिवस त्यातच जातो.

तिसरा दिवस: गणेशगुडी

काळी नदीकाठचं, दांडेलीजवळचं हे जंगल आपल्या कोकण-घाटातल्या जंगलाचंच पुढचं पान: बांबूची बेटं, ओढ्याकाठची सदाहरित झाडं आणि खाली घोट्याएवढा पाचोळा. शामाला बांबू आणि ओली घळ दोन्ही हवं. सकाळी सात ते नऊ ओढ्यालगत ऐकत हिंडायचं, भर दुपारी काहीच मिळत नाही.

शामाचं गाणं दयाळापेक्षा जाड, गोल आणि भरलेलं. पण इथे एक फसगत ठरलेली. भृंगराज हा दोन लांब तारांच्या शेपटीचा कोतवाल पुष्कळ पक्ष्यांच्या नकला करतो आणि ऐकणारा आवाजामागे जाऊन त्याच्यासमोर पोचतो. एका जागेवरून, खालच्या थरातून, मनुष्याच्या डोक्याच्या उंचीच्या आसपासून गाणं येत असेल तर शामा. आवाज उंच शेंड्यातून येत असेल आणि मध्ये धातूवर घासल्यासारखा सूर लागत असेल तर भृंगराज.

नर दिसला की ओळखायला काही उरत नाही. काळं चकचकीत डोकं नि छाती, पोट नारिंगी-तांबूस, कंबर पांढरीशुभ्र आणि शेपटी बाकीच्या शरीराहून लांब. अंधाऱ्या जंगलात आधी दिसते ती पाठमोरी पांढरी कंबर.

पक्ष्याच्या गाण्याचं जगातलं पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण शामाचंच आहे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख या लहान मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या शामाचं गाणं टिपलं. हेच गाणं त्याच्या मुळावर आलेलं आहे. आग्नेय आशियात गाण्याच्या स्पर्धांसाठी आणि पिंजऱ्यांसाठी इतके शामा पकडले गेले की काही बेटांवर जंगलात तो ऐकू येणं दुर्मीळ झालं. २०२२ मध्ये त्याला साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातलं गेलं, म्हणजे देशाबाहेरच्या व्यापाराला परवाने लागू झाले. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार रानातले पक्षी पकडणं आणि पाळणं गुन्हाच आहे. पिंजऱ्यात शामा दिसला तर वनखात्याला कळवावं.

दुपारी चारनंतर पाण्याशी बसायचं. इथे पक्ष्यांसाठी पाण्याची उथळ भांडी ठेवलेली असतात. पाणी बोटभरच खोल असावं, काठ खरखरीत हवा आणि दोन मीटरवर झुडूप, म्हणजे पक्षी निर्धास्त येतो. खोल, गुळगुळीत भांड्याकडे छोटे पक्षी फिरकत नाहीत. येण्याचा क्रम बहुधा ठरलेला: आधी सातभाई नि बुलबुल, मग माशीमार, मग शामा, आणि सगळे आटोपून गेल्यावर, सूर्य मावळून पाच-दहा मिनिटं झाली की निळा रॉबिन.

तो येतो तेव्हा पाचोळ्यावर काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, एवढंच. जमिनीवर उड्या, थांबणं, शेपटीची बारीक थरथर. पाठ पाटीसारखी निळी, भुवई पांढरी, छाती नारिंगी, मादी ऑलिव्ह-तपकिरी. १५ सेंटीमीटरचा हा जीव मे-जूनमध्ये हिमालयात साधारण १,६०० ते ३,३०० मीटर उंचीवर वीण करतो आणि हिवाळा दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात नि श्रीलंकेत काढतो. एप्रिल उजाडला की निघून जातो. हिवाळ्यातही तो एकटा राहतो आणि पाचोळ्याचा आपला तुकडा राखतो. आज पाण्याशी आलेला उद्या त्याच वेळी त्याच बाजूने येण्याची शक्यता मोठी. उजेड गेलेला असतो, म्हणून फोटोसाठी कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाश टिपण्याची क्षमता) ३,२०० च्या वर न्यावा लागतो. फ्लॅश मारला की तो त्या संध्याकाळपुरता संपला.

चौथा दिवस: प्रवास

हुबळीहून रात्रीची गाडी म्हैसूरला, तिथून रस्त्याने उदगमंडलम, म्हणजे उटी. दोन गोष्टी सांभाळायच्या. बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. आणि निलगिरी जिल्ह्यात नि कोडाईकनालला जाणाऱ्या वाहनांना मे २०२४ पासून ई-पास लागतो. निलगिरीचा नि कोडाईकनालचा पास वेगवेगळा, निघायच्या आधीच काढून ठेवावेत.

पाचवा दिवस: उदगमंडलम

समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर. पहाटे स्वेटर लागतोच. आपण ज्या झाडाला निलगिरी म्हणतो त्याची इथे रानं आहेत, पण ते झाड इथलं नव्हे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आणलेलं. त्याच्यासोबत वॅटल ही बाभळीच्या जातीची झाडंही आली. मूळचा देखावा वेगळा होता: उघड्या डोंगरमाथ्यांवर गवत आणि फक्त घळींत, जिथे ओल नि वाऱ्यापासून आडोसा, तिथे बुटक्या, शेवाळलेल्या झाडांचं गच्च रान. ते रान म्हणजे शोला. दोड्डाबेट्टा शिखराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याचे तुकडे उरलेत.

निलगिरी शोलाकिळी या तुकड्यांतच राहते. किळी म्हणजे मल्याळममध्ये पक्षी. निळी, काळपट चेहऱ्याची, कुशीला नि पोटाच्या खालच्या भागात तांबूस, पाय लांब. साधारण १४ सेंटीमीटर. तिची जागा शोधायची रीत: रस्त्याच्या कडेला शोलाची कड आणि ओहोळ जिथे एकत्र येतात तिथे, कारवीच्या जातीच्या झुडपांखाली. झुडूप वरून दाट आणि खाली, जमिनीपासून वीतभर, मोकळं हवं. तिथे ती बोगद्यात फिरावं तशी फिरते.

पावणेसहापासून सव्वासातपर्यंत एका जागी उभं राहिलं. आधी आवाज: बारीक, वर चढणाऱ्या शिट्ट्या, मध्येच घासल्यासारखा सूर. मग तीन मीटरवर, ओल्या दगडावर ती आली. पान उलटण्याची खटपट नाही. दोन उड्या, मान तिरकी, टिपलेली अळी, पुन्हा सावलीत. दहा सेकंदं. अर्ध्या तासाने तोच फेरा. बहुतेक लोकांना ती दिसत नाही याचं कारण ती दुर्मीळ आहे हे जेवढं, तेवढंच ते दर पाच मिनिटांनी जागा बदलतात हेही.

मोबाइलवर तिचा आवाज वाजवू नये. हे विणीच्या सुरुवातीचे दिवस. पक्षी बाहेर येतो खरा, पण हद्दीत घुसखोर आला समजून. जो शत्रू मुळात नाहीच, त्याच्यामागे त्याची ताकद जाते. रोज चार गट येऊन वाजवायला लागले तर तो जागा सोडतो. घरटं खोडाच्या भोकात किंवा दरडीतल्या कपारीत, शेवाळ नि मुळांचं, अंडी बहुधा दोनच. एवढ्या कमी अंड्यांवर चालणाऱ्या पक्ष्याला एक वीण वाया घालवणं परवडत नाही. ही जात आज संकटग्रस्त यादीत आहे.

हिला पूर्वी आखूडपंख्यांत घातलं होतं, मग रॉबिनांत. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन (होय, आडनाव नव्हे, नावच रॉबिन) आणि सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासावरून दाखवलं की ती दोन्हींतली नाही. तिचं नातं निळ्या माशीमारांशी अधिक जवळचं. तिच्यासाठी आणि दक्षिणेकडच्या तिच्या बहिणींसाठी 'शोलिकोला', म्हणजे शोलात राहणारी, हे नवं नाव त्यांनी दिलं. म्हणजे या फेरीतले हे दोन 'रॉबिन' रॉबिन नव्हेतच.

सहावा दिवस: खिंड ओलांडून

कोइंबतूरला खाली उतरून पल्लडम-धारापुरमच्या बाजूने पळणीकडे. पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजावं, पालघाट खिंडीच्या पूर्वेच्या तोंडाशी आलो. पश्चिम घाटाच्या भिंतीत इथे ३०-४० किलोमीटरचं भगदाड आहे, तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर. अरबी समुद्रावरचा वारा त्यातून घुसतो, म्हणून या चक्क्या इथे.

शोलाकिळीसाठी हा सपाट, तापलेला मुलूख समुद्रासारखा आहे. ती घळीतून घळीत जाते, पण तीस किलोमीटर उघड्या उन्हातून जात नाही. लाखो वर्षं अलीकडची अलीकडे आणि पलीकडची पलीकडे राहिली आणि दोन वेगळ्या जाती झाल्या.

त्याच मैदानात, एका शेताच्या दगडी बांधावर, चीरक बसलेला होता. वही उघडून पहिल्या दिवसाची नोंद बघावी. हा नर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा, पाठीवर निळसर चकाकी, तपकिरीचा लवलेश नाही. सासवडपासून इथवर चीरकाला अडवणारी भिंत कुठेच नाही, म्हणून त्याच्या जाती फुटल्या नाहीत. रंग हळूहळू बदलत गेला, इतकंच.

सातवा दिवस: कोडाईकनाल

शहराला लागूनच जो शोला आहे त्याचं नाव बॉम्बे शोला. आत शिरायला वनखात्याची परवानगी हवी, पण कडेच्या रस्त्यावरून काम होतं. पळणी डोंगरांवरची बरीचशी गवताळ जमीन गेल्या काही दशकांत वॅटल, पाइन आणि निलगिरीखाली गेली. शोलाचे तुकडे मात्र अजून तग धरून आहेत.

पांढऱ्या पोटाची शोलाकिळी तिन्हीसांजेला बघावी. सकाळी रस्त्यावर फिरणारे, कुत्री, गाड्या. संध्याकाळी सहानंतर रस्ता ओस पडतो आणि ती कडेच्या गटारालगतच्या पाचोळ्यावर उतरते. अंग निळं, कपाळावरून डोळ्यावर गेलेली बारीक पांढरी भुवई आणि पोटाच्या मध्यावर पांढरा पट्टा. कुशीला तांबूस नाही, ही निलगिरीच्या बहिणीपासून वेगळं काढायची खात्रीची खूण. अंधारात निळा रंग काळा दिसतो, त्यामुळे भुवई आणि पोट या दोनच गोष्टींवर लक्ष ठेवायचं. हिची शिट्टी अधिक लांब नि गोड वाटते, घासल्याचा सूर कमी.

सव्वासहाला पहिली शिट्टी आली. साडेसहाला भुवईची पांढरी रेघ गटाराच्या काठाने सरकली, थांबली, खाली वाकली. पावणेसातला दुर्बिणीतून काही दिसेनासं झालं, तरी पाचोळ्यातली खसखस चालूच होती.

आणखी दक्षिणेला शेनकोट्टा खिंड आहे आणि तिच्यापलीकडे अशांबू डोंगर. तिथल्या शोलाकिळीचं वर्णनही २०१७ मध्येच झालं. कुणी तिला स्वतंत्र जात मानतं, कुणी पोटजात. तिच्यासाठी वेगळे परवाने आणि निदान चार दिवस वेगळे ठेवावे लागतात, आणि तेही एप्रिलच्या सुरुवातीला.